विश्लेषण : क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी केली तरी रुग्ण का तपासता येत नाहीत?

‘एम.ए. झालं, आता क्लिनिकलमध्ये पीएचडी करते आणि मग स्वतःचं क्लिनिक टाकते.’ मानसशास्त्राच्या कोणत्याही विभागात पदव्युत्तरच्या शेवटच्या सत्रात हे वाक्य हमखास कानावर पडते. बोलणारी मुलगी हुशार असते आणि तिची तळमळ खरी असते. घरच्यांनाही ‘आमची मुलगी डॉक्टर होणार’ याचे कौतुक असते. पण भारतातल्या कायद्यानुसार या वाक्याचा दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही. विद्यापीठाची पीएचडी ही संशोधनाची पदवी आहे. रुग्णाचे मानसशास्त्रीय निदान आणि उपचार करण्याचा परवाना वेगळ्या दाराने मिळतो. गेल्या काही वर्षांत त्या दाराची कडी-कोयंडाच बदलला गेल्याने गोंधळ आणखी वाढला आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नेमका कोण?

आधी तीन माणसे वेगळी करू, कारण रुग्णांचे नातेवाईकच नव्हे, तर अनेकदा विद्यार्थीही त्यांची सरमिसळ करतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. तो आधी एमबीबीएस होतो, मग मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतो आणि औषधे लिहून देतो. समुपदेशक म्हणजे कौन्सेलर. तो नातेसंबंध, अभ्यास, करिअर, ताण अशा प्रश्नांवर बोलून मदत करतो. या दोघांच्या मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट येतो. मराठीत त्याला चिकित्सालयीन किंवा नैदानिक मानसशास्त्रज्ञ म्हणतात, पण बोलताना हे शब्द कुणी वापरत नाही. तो औषध देत नाही. मात्र बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्व चाचण्या, मेंदूच्या इजेनंतर स्मरणशक्ती-एकाग्रतेची तपासणी आणि स्किझोफ्रेनियापासून ओसीडीपर्यंतच्या आजारांत शास्त्रशुद्ध मानसोपचार हे त्याचे काम.

त्याच्या सहीला वजन असते ते इथेच. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र हवे असेल, तर बुद्ध्यंकाचा अहवाल लागतो. दहावीच्या मुलाला अध्ययन अक्षमतेमुळे परीक्षेत जादा वेळ हवा असेल, तरी चाचण्यांचा अहवाल लागतो. न्यायालयात एखाद्याच्या मानसिक अवस्थेचा प्रश्न आला, तर तिथेही हेच. अहवालावर सही कोणाची, याला त्यामुळे कायदेशीर अर्थ आहे.

कायदा काय म्हणतो?

१९९२चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा हा यातला मूळ कायदा. या परिषदेला सगळे ‘आरसीआय’ म्हणूनच ओळखतात. पुनर्वास क्षेत्रातल्या ज्या व्यावसायिकांची यादी या कायद्यात आहे, त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव आल्याशिवाय या नावाने व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा हजाराचा आकडा कायदा झाला तेव्हाचा आहे. आज मुंबई-पुण्यात एका सत्राची फी अनेक ठिकाणी त्याहून जास्त असते, त्यामुळे दंडाचा धाक कितपत वाटत असेल ते सांगायला नको.

दुसरा कायदा २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच दिलेली आहे आणि तिचे दोन पर्याय आहेत. एक, आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्यताप्राप्त अर्हता. दुसरा, मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा ‘मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी’ या विषयातली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल., जिच्यात देखरेखीखालील रुग्णसेवेचे प्रशिक्षण आहे आणि जिला यूजीसी व आरसीआय या दोघांची मान्यता आहे. शिवाय राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही नोंदणीची तरतूद आहे.

या व्याख्येत पीएचडी हा शब्द नाही. याचा अर्थ पीएचडीला किंमत नाही असा नव्हे. रुग्णासमोर बसण्याची पात्रता ठरवताना कायद्याने संशोधन मोजलेले नाही, देखरेखीखाली केलेले काम मोजले आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ते बरोबरच आहे. प्रश्नावल्या भरून घेऊन, आकडेमोड करून उत्तम प्रबंध लिहिता येतो, पण आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसासमोर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे, हे प्रबंध शिकवत नाही.

दोन वर्षांच्या एम.फिल.ला एवढे महत्त्व का?

इतर विषयांत एम.फिल. म्हणजे पीएचडीच्या आधीची पायरी. एखादा लघुप्रबंध लिहायचा, पुढे जायचे. क्लिनिकल सायकॉलॉजीत मात्र हे नाव फसवे होते. इथली एम.फिल. वैद्यकीय निवासी डॉक्टरच्या प्रशिक्षणाच्या जवळ जाणारी होती.

तिचा उगम बंगळूरुचा. तिथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ‘डिप्लोमा इन मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी’ हा अभ्यासक्रम. मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला रुग्णालयात उभे करून शिकवायचे, ही त्यामागची कल्पना. १९६०च्या दशकात रांचीतही असा अभ्यासक्रम सुरू झाला. बंगळूरुची संस्था आणि तिथले मनोरुग्णालय १९७४ मध्ये एकत्र होऊन आजची ‘निम्हान्स’ झाली आणि १९७८ मध्ये या पदविकेचे नाव एम.फिल. झाले. नाव शैक्षणिक आणि काम दवाखान्याचे, अशी ही जोडी तेव्हापासूनची. पुढच्या सगळ्या घोळाचे मूळही तेच.

पहिल्या वर्षी मनोविकृतीची मानसिक-सामाजिक बाजू, संख्याशास्त्र व संशोधनपद्धती, मानसोपचाराचे सिद्धान्त आणि चाचण्यांची प्रात्यक्षिक परीक्षा. दुसऱ्या वर्षी वर्तनाची जैविक बाजू, मनोविकारशास्त्र, शारीरिक आजारांतली वर्तनचिकित्सा, उपचारांची प्रात्यक्षिक परीक्षा आणि लघुप्रबंध. कागदावर एवढेच दिसते. प्रत्यक्षात सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी वरिष्ठांपुढे केस मांडणे आणि रात्री अहवाल लिहिणे. पाहिलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची, केलेल्या प्रत्येक उपचाराचा हिशेब द्यायचा. अर्धवेळ, पत्राद्वारे किंवा ऑनलाइन असे काही नाही. जागा मात्र मोजक्या. कारण विद्यार्थ्यामागे शिकवणारे आणि रुग्ण दोन्ही ठरावीक प्रमाणात असावे लागतात. सरकारी संस्थांत प्रवेश मिळणे कठीण, खासगीत शुल्क लाखांच्या घरात. एम.ए. झालेल्यांचा मोठा गट या अरुंद दारापाशी अडून राहतो आणि त्यातले बरेच जण ‘तोवर पीएचडीला नाव नोंदवू’ असा निर्णय घेतात. तो चुकीचा असतोच असे नाही. पण त्यातून काय मिळणार आणि काय नाही, हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

मग एम.फिल. बंद का केली?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने एम.फिल. ही पदवीच रद्द करायचे ठरवले. त्यानुसार यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीचे नवे नियम आणले आणि त्यातल्या एका ओळीच्या नियमाने उच्च शिक्षण संस्थांना एम.फिल. चालवायला मनाई केली. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र या विषयांना फारसा धक्का बसला नाही. पण क्लिनिकल सायकॉलॉजीत ही एम.फिल. हाच परवाना होता. म्हणजे सरकारच्या एका हाताने केलेल्या कायद्यात जी पदवी लिहिली होती, ती दुसऱ्या हाताने पुसली.

डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना एम.फिल.चे प्रवेश थांबवण्याची पुन्हा तंबी दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०२४ मध्ये, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती एम.फिल.ला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ देण्यात आली. या दोन विषयांतल्या मनुष्यबळाची गरज लक्षात घेऊन ही सूट होती. ज्यांनी एम.फिल. आधीच पूर्ण केली आहे, त्यांच्या पदवीला नव्या नियमांनी बाधा येत नाही. मधल्या काळात तयारी करत असलेल्या विद्यार्थ्यांची अवस्था मात्र फलाटावर उभे असताना गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा व्हावी तशी झाली.

साय.डी. म्हणजे काय? ती पीएचडीच का नाही?

‘डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी’ म्हणजे साय.डी. हीसुद्धा डॉक्टरेटच. फरक तिच्या हेतूत आहे. हा फरक आला अमेरिकेतून. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आजारांसाठी तिथे मोठ्या संख्येने प्रशिक्षित माणसे हवी होती. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात भरलेल्या परिषदेत ठरले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा आधी शास्त्रज्ञ आणि सोबत उपचारक असावा, म्हणून त्याने पीएचडी करावी. पण काही वर्षांत तक्रार सुरू झाली की विद्यापीठे संशोधक घडवतात, रुग्ण पाहणारे कमी पडतात. १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने साय.डी. सुरू केली. १९७३ मध्ये व्हेल इथल्या परिषदेने या व्यावसायिक डॉक्टरेटला अधिकृत पाठबळ दिले. तिथे आज दोन्ही पदव्या परवान्यापर्यंत नेतात, कारण तिथल्या मान्यताप्राप्त पीएचडीतही रुग्णसेवेचे प्रशिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप असते. इंटरनेटवर अमेरिकेतल्या पीएचडीविषयी वाचून आपल्याकडेही तसेच असेल असे समजणे, ही आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत सामान्य चूक आहे.

आपल्याकडे आरसीआयने साय.डी.चा अभ्यासक्रम आधीपासून मान्य केलेला आहे. एम.ए.नंतर चार वर्षे पूर्णवेळ प्रशिक्षण, हे तिचे स्वरूप. एम.फिल. जाणार हे स्पष्ट झाल्यावर परिषदेने सगळी शिडीच नव्याने आखायला घेतली. क्लिनिकल सायकॉलॉजीतली चार वर्षांची ऑनर्स पदवी, दोन वर्षांची एम.ए. आणि सुधारित साय.डी. अशी तिची रचना आहे.

आणि इथे एक नवा खड्डा तयार झाला. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर वर्षानुवर्षे छापले जात आहे. तिथे ते फक्त विशेष विषयाचे नाव आहे. आरसीआयच्या नव्या आराखड्यातली एम.ए.ही त्याच नावाची, पण तिला परिषदेची मान्यता आणि रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाच्या अटी आहेत. पदवीचे नाव एकच असले, तरी एकीवर नोंदणीचा मार्ग आहे आणि दुसरीवर नाही. माहितीपत्रक पाहून हा फरक कळेलच असे नाही.

पीएचडीचे नियम काय? खर्चाचे काय?

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत. महिलांना मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी चालते, मालकाचे ना-हरकत पत्र लागते. दूरस्थ पद्धतीने मात्र पीएचडी करता येत नाही. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला जायचे, तर ७५ टक्के.

मार्गदर्शक मिळणे हीच खरी प्रवेश परीक्षा. नियमाने प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. त्यात क्लिनिकल विषयात काम केलेला आणि रुग्णालयाशी संबंध असलेला मार्गदर्शक म्हटले, की यादी बोटांवर मोजण्याइतकी उरते.

२०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’, मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ‘महाज्योती’ यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जाहिराती, निवड आणि हप्ते वेळेवर होतातच असे नाही, हे आझाद मैदानावरच्या आंदोलनांच्या बातम्या वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी धरूनच बसलेले बरे.

वयाचा हिशेबही मांडून पाहावा. बारावी १८व्या वर्षी, पदवी २१व्या, एम.ए. २३व्या. नंतर दोन वर्षांचे क्लिनिकल प्रशिक्षण, तेही पहिल्या प्रयत्नात प्रवेश मिळाला तर. मग पीएचडीची चार-पाच वर्षे. म्हणजे तिशी. मुलीच्या बाबतीत या आकड्यावर घरात काय बोलणे होते, हे वेगळे लिहायला नको.

मग पीएचडी करायचीच कशाला?

कारण भारतात रुग्ण तपासायला माणसे कमी आहेत, तशीच रुग्ण कशाने तपासायचे ती साधनेही कमी आहेत. आणि ती प्रॅक्टिस करून तयार होत नाहीत. संशोधनाचा खरा उपयोग इथे आहे.

एक उदाहरण आपल्या मातीतलेच. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात बिने बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. तिला ‘बॉम्बे-कर्नाटक’ आवृत्ती म्हणत. ‘बिने-कामत’ या नावाने ती कित्येक दशके दवाखान्यांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली गेली. दुसरे उदाहरण नागपूरचे. ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूपांतर केले आणि तीही देशभर चालली. दोन्ही कामे मोठी होती. पण बुद्धिमापनात प्रमाणके जुनी झाली की गुण फुगतात, कारण प्रत्येक पिढी त्या जुन्या कसोटीवर सरासरीने थोडी वर जाते. ७०च्या आसपासच्या सीमेवर असलेल्या मुलाच्या बाबतीत ही फूग साधीसुधी नसते. प्रमाणपत्र मिळणे किंवा न मिळणे, सवलत, पेन्शन, शाळेतला मदतनीस हे सगळे त्या पाच-सात गुणांवर अवलंबून असते. आजच्या मराठी मुलांवर, त्यातही मेळघाटातल्या आणि मुंब्र्यातल्या मुलांवर, कसोट्या नव्याने बसवणे हे डॉक्टरेटच्या तोडीचे काम आहे. त्यातून क्लिनिक उभे राहणार नाही, पण हजारो क्लिनिकमधले निर्णय सुधारतील.

भाषेचा प्रश्न तर त्याहून खोल. नैराश्याच्या इंग्रजी प्रश्नावलीतला ‘फीलिंग डाऊन’ हा शब्द मराठीत आणायचा कसा? ‘उदास वाटते’ म्हटले तर शहरातली तरुणी मान डोलावते. गावाकडची साठीतली बाई म्हणते, ‘उदास-बिदास काही नाही, पण करमत नाही, जीव लागत नाही कशात.’ कुणी म्हणते डोकं जड झालंय, कुणी म्हणते अंगात कणकण असते, छातीत धडधडतं. पुरुष बहुधा झोपेपासून सुरुवात करतात. ‘करमत नाही’ला इंग्रजीत नेमका शब्द नाही आणि तो प्रश्नावलीत नसेल, तर ती बाई निरोगी ठरते. म्हणून संशोधक आधी मराठीत भाषांतर करतो, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत उलटवून घेतो, दोन्ही ताडून पाहतो, मग थोड्या लोकांवर चाचपतो. हे करण्यातच वर्ष जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एका पानाची प्रश्नावली तर आहे.

प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी प्रमाण मानली जातात. उपचारपद्धतीची तुलनात्मक चाचणी असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद करावी लागते. सगळ्यांत अवघड जागा वेगळीच असते. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एखाद्याने तिथे ‘जवळपास रोज’वर खूण केली आणि संशोधकाने कागद फाइलला लावून पुढच्या माणसाकडे वळावे, हे चालत नाही. त्या क्षणी काय करायचे, कुणाला फोन करायचा, त्या माणसाला एकटे सोडायचे की नाही, हे आधी लिहून ठेवावे लागते. क्लिनिकल प्रशिक्षण आधी आणि पीएचडी नंतर, हा क्रम शहाणपणाचा का, याचे उत्तर या नवव्या प्रश्नात आहे.

संशोधनाने सेवा कशी बदलते याचे चांगले उदाहरण गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रश्न तपासला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी काही सत्रांत दिलेला साधा वर्तन-आधारित उपचार तीव्र नैराश्यात उपयोगी पडतो का? २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष ‘होय’ असा होता. ज्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, तिथे या ‘होय’ची किंमत मोठी आहे. जाता जाता, त्या सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये असलेल्या राज्यात संशोधकाला विषय शोधत फिरावे लागू नये.

परदेशातून डॉक्टरेट करून आले तर?

अमेरिकेत मान्यताप्राप्त पीएचडीला अनेक ठिकाणी शुल्कमाफी आणि विद्यावेतन असते, म्हणून स्पर्धा जबरदस्त. साय.डी. बहुतेक वेळा स्वखर्चाने, म्हणजे डोक्यावर कर्ज. त्यानंतर राज्याचा परवाना आणि त्यासाठीची परीक्षा वेगळी. ब्रिटनमध्ये ‘डीक्लिनसाय’ ही तीन वर्षांची डॉक्टरेट आहे. तिच्यातल्या बहुतेक जागांवरचे विद्यार्थी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पगारी प्रशिक्षणार्थी असतात, त्यामुळे बाहेरच्यांना या जागा मिळणे फार कठीण. तिथे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव कायद्याने संरक्षित आहे, नुसते ‘सायकॉलॉजिस्ट’ नाही. परत येऊन इथे काम करायचे, तर परदेशी अर्हता आरसीआयकडून मान्य करून घ्यावी लागते. नुसती पदवी दाखवून चालत नाही, म्हणून रुग्णसेवेचे तास, देखरेख करणाऱ्यांची पत्रे आणि अभ्यासक्रमाचा तपशील तिथे असतानाच गोळा करून ठेवलेला बरा.

नोंदणी नसलेल्या मानसशास्त्र पदवीधरांनी काय करायचे?

त्यांना काम करायला बंदी नाही. शाळा, महाविद्यालये, कंपन्या, स्वयंसेवी संस्था, हेल्पलाइन अशा ठिकाणी समुपदेशनाचे काम करता येते. फक्त स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही आणि कायदेशीर प्रमाणपत्रासाठीचे अहवाल देता येत नाहीत. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञांचा वेगळा गट केला आहे. आरसीआयखालचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यातून वगळले आहेत. दोन कायदे, दोन नोंदवह्या, आणि रुग्णाला दारावर दिसते ती एकच पाटी.

अध्यापनात जायचे असेल, तर जुलै २०२३ पासून साहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट पुरेशी आहे, पीएचडी सक्तीची नाही. पुढच्या बढतीला मात्र ती लागतेच. आणखी एक बदल घरी बसून एम.ए. करणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रमांना दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास मनाई केली आहे. लग्नानंतर, मुले मोठी झाल्यावर पत्राद्वारे मानसशास्त्राकडे वळणाऱ्या बायकांची जी एक वाट होती, ती यामुळे बंद झाली. गुणवत्तेच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग तरी कोण सुरू करणार, हे कुठल्याच परिपत्रकात नाही.

प्रवेश घेण्याआधी काय तपासावे?

संस्थेचे माहितीपत्रक बाजूला ठेवून आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडावी. संस्थेचे नाव, नेमका अभ्यासक्रम, मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आणि जागा किती, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. मान्यता संस्थेला नव्हे, अभ्यासक्रमाला असते. एकाच विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम यादीत आणि दुसरा यादीबाहेर असू शकतो. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ असे उत्तर मिळाले, तर ते ‘नाही’ असेच धरावे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर नोंदवहीत कोणत्या वर्गात नाव लागेल, हे लेखी विचारावे. प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात, तिथे आंतररुग्ण विभाग आहे का, देखरेख करणाऱ्यांची स्वतःची नोंदणी आहे का, हेही. शक्य असल्यास दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना चहाला गाठावे. कार्यालयात जे कळत नाही ते तिथे कळते.

रुग्णाच्या नातेवाइकांसाठी हीच तपासणी आणखी सोपी आहे. आरसीआयच्या नोंदवहीत प्रत्येक व्यावसायिकाला क्रमांक असतो आणि नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. मुलाच्या बुद्ध्यंकाच्या किंवा अध्ययन अक्षमतेच्या अहवालाखाली सहीजवळ तो क्रमांक लिहिलेला आहे का, हे फी देण्याआधी पाहता येते. क्रमांक नसलेला अहवाल प्रमाणपत्राच्या खिडकीवरून परत येतो आणि चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. तोवर परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख बहुधा उलटून गेलेली असते.